रायटर हवा: लेखनिक जोडून देणाऱ्या ॲपच्या प्रकल्प नोंदी

२४ जून २०२४

विषय पक्का झाला. पुण्यातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी रायटर, म्हणजे ते सांगतील ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा लेखनिक, मिळवून द्यायचा, आणि वेळ द्यायची इच्छा असलेल्या तरुणांना हे काम सापडेल अशी सोय करायची. मूळ प्रस्तावात ‘तरुणांसाठी स्वयंसेवेच्या सगळ्या संधी एका जागी’ असं भरभक्कम वाक्य होतं. त्यात वृक्षारोपण, किल्ल्यांची सफाई, रक्तदान, वस्तीतल्या शिकवण्या असं सगळं होतं. ते कापलं. संधींची यादी हवी असेल तर केंद्राचं ‘माय भारत’ पोर्टल १५ ते २९ वयोगटासाठी ३१ ऑक्टोबर २०२३ पासून आहे. आणखी एक यादी करून कुणाचं अडलेलं काम होणार नाही.

रायटरच्या कामात तारीख, खोली आणि वेळ दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली असते. झाड उद्या लावता येतं. पेपर उद्या देता येत नाही.

१ जुलै

सध्या हे काम कसं चालतं ते पाहिलं. चालतं व्हॉट्सॲपवर. ‘उद्या सकाळी ११ चा पेपर, एस.वाय.बी.ए., मराठी माध्यम, रायटर हवा, कृपया पुढे पाठवा.’ खाली मोबाइल नंबर. असा निरोप दोनशे गटांत फिरतो आणि कुणीतरी भेटतं. बऱ्याचदा अर्ध्या तासात भेटतं, हे मान्य करायला हवं. माणसं वाईट नाहीत.

अडचण नंतरची आहे. निरोप थांबत नाही. पेपर होऊन, निकाल लागूनही तो फिरतच राहतो. एम.ए. राज्यशास्त्र करणारी एक ताई म्हणाली, तिच्या नावाचा जुना निरोप दर परीक्षेच्या हंगामात परत वर येतो. फोन येतात. त्यातले काही मदतीचे असतात, काही रात्री अकरानंतरचे असतात. “रायटर मिळाला का, एवढंच विचारायला फोन केला होता म्हणतात. मग रोज विचारतात.” तिने शेवटी नंबर बदलला, आणि बँकेपासून कॉलेजपर्यंत सगळीकडे तो पुन्हा नोंदवत बसली.

यातून पहिला नियम निघाला. मागणीत नंबर दिसणार नाही. दोन्ही बाजूंनी होकार आल्यावरच एकमेकांचे नंबर दिसतील, आणि पेपर झाल्यावर सात दिवसांनी ॲपमधून पुसले जातील. ज्यांचं जुळलं त्यांनी आपापल्या फोनमध्ये ठेवावेत, तो त्यांचा प्रश्न.

९ जुलै

नियम वाचले. मुख्य आधार केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाची २९ ऑगस्ट २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये लेखनिक आणि जादा वेळ या दोन्हींचा उल्लेख आहे. मंडळ, विद्यापीठ, आयोग यांचे अर्ज मात्र वेगवेगळे.

आपल्या कामाच्या बाबी: तासाला २० मिनिटं जादा. परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं. वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या, वेगळा लेखनिक घेता येतो. ऐनवेळी अडचण आली तर बदलायची मुभा हवी. आणि परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिक पुरवला तर परीक्षार्थीला त्याला दोन दिवस आधी भेटता यायला हवं.

ही शेवटची ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण प्रत्यक्षात ती सगळ्यांत आधी गळते. बहुतेक जोड्या परीक्षा खोलीच्या दारातच एकमेकांना पहिल्यांदा भेटतात. आपण ही भेट सगळ्यांसाठीच घ्यायची. ॲपमध्ये पेपरच्या तारखेमागे आपोआप एक ‘ओळख भेट’ लागेल. फोनवर झाली तरी चालेल, पण झाली अशी खूण आल्याशिवाय जोडी ‘पक्की’ होणार नाही.

तीन तासांचा पेपर म्हणजे जादा वेळ धरून चार तास. अर्धा तास आधी हजेरी, वर जाणं-येणं. स्वयंसेवकाला पडद्यावर ‘३ तास’ दाखवणं ही फसवणूक ठरेल. ‘अर्धा दिवस’ असं दाखवायचं. कमी लोक हो म्हणतील, पण जे म्हणतील ते येतील.

१७ जुलै

नोंदणीच्या फॉर्मवर वाद. सहकाऱ्याचं म्हणणं, अपंगत्वाची टक्केवारी आणि प्रमाणपत्र आधीच मागावं, म्हणजे खोट्या मागण्या येणार नाहीत. मी विरोधात. ती तपासणी परीक्षा विभाग करतो, आपल्याला तो अधिकार नाही आणि ती कागदपत्रं सांभाळायची जबाबदारीही नको. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ४० टक्के अपंगत्वाची अट लेखनिकाच्या आड येऊ शकत नाही असं स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला दिसत होतं. लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. आपण टक्केवारीचा रकाना ठेवला तर अशा माणसाला दारातूनच परत पाठवू.

रकाना गेला. त्या जागी एकच प्रश्न: ‘परीक्षा विभागाची परवानगी मिळाली आहे का?’ हो, नाही, अर्ज केला आहे.

२६ जुलै

काल सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. आज सकाळपासून मुलं तिथे चिखल उपसतायत, जेवणाची पाकिटं वाटतायत. दुपारी टीमच्या गटावर सूचना आली की ॲपमध्ये आपत्तीसाठी वेगळा विभाग ठेवू.

नको. पूर आला की माणसं न बोलावता येतात, कधीकधी तर एवढी येतात की त्यांनाच बाजूला करावं लागतं. पूर डोळ्यांना दिसतो. मंगळवारी सकाळी साडेदहाला हडपसरच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या पेपरला चार तास बसायला माणूस हवा आहे, हे कुणालाच दिसत नाही. ॲपची गरज तिथे आहे.

५ ऑगस्ट

फिग्मा या डिझाइनच्या साधनात आखलेले ॲपचे पडदे घेऊन दृष्टिहीन मुलांच्या एका वसतिगृहात गेलो. फिग्मा तिथे काय कामाचं, म्हणून एका जुन्या अँड्रॉइड फोनवर कच्चं ॲप टाकून टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, चालू केलं आणि मुलांच्या हातात दिलं. बोटं आणि आवाज यांचा वेग बघून आमच्यातला एकजण चाट पडला. मुलं टॉकबॅकचा आवाज इतक्या वेगाने ठेवतात की आम्हाला एक शब्द कळत नव्हता.

काय खटकलं ते लगेच कळलं. बिल्ल्यासारखं गोल चित्र असलेल्या बटणाला नाव नव्हतं, तर आवाज नुसतं ‘बटण’ म्हणायचा. तारीख निवडायचं कॅलेंडर म्हणजे तीसेक चौकोनांतून एकेक सरकत जाणं. ते काढून ‘उद्या’, ‘परवा’, ‘या आठवड्यात’ आणि मग साधी यादी ठेवली. ‘१२/११’ असं लिहिलं की आवाज ते तारखेसारखं वाचत नाही. ‘१२ नोव्हेंबर’ असंच लिहायचं. पक्की जोडी हिरवी आणि कच्ची नारिंगी, हा भेद ऐकू येत नाही, तेव्हा शब्दही हवा. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १, आणि बोट ठेवायची जागा अँड्रॉइडच्या मापाने ४८ डीपीच्या खाली नाही.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट एका मुलाने सहज सांगितली. “दादा, मागणी टाकायला एवढं टाइप कशाला? मी बोलतो ना.” टॉकबॅकवर मराठी जोडाक्षरं टाइप करणं किती वेळखाऊ आहे ते त्याने करून दाखवलं. ‘राज्यशास्त्र’ लिहून होईपर्यंत आमचा चहा आला. मागणी आता आवाजी निरोपाने येईल आणि सुरुवातीला आमच्यातलंच कुणीतरी ती ऐकून रकाने भरेल. यंत्राकडून मजकूर करून घ्यायचा मोह आहे, पण पेपरची तारीख चुकीची उतरली तर भोगणार तो मुलगा.

१४ ऑगस्ट

मराठी माध्यमाचा प्रश्न. नाव नोंदवणाऱ्यांत इंग्रजी माध्यमातून शिकलेले तरुण भरपूर आहेत, उत्साही आहेत, मराठी बोलतात फर्डं. पण हाताने, भराभर, चार तास मराठी लिहायचं? शाळा सुटल्यापासून बहुतेकांनी मराठीचा परिच्छेद लिहिलेला नाही. परीक्षार्थी सांगतो ‘सत्तेचं विकेंद्रीकरण’ आणि रायटर ‘विकेंद्री’वर अडकतो. मागून विचार धावतोय, पेन थांबलंय.

म्हणून श्रुतलेखन ठेवलं. नोंदणी करताना पाच मिनिटांचा आवाज ऐकायचा, कागदावर लिहायचं, फोटो पाठवायचा. मजकूर आमच्या एका निवृत्त शिक्षिकेने तयार केला. त्यात ‘धर्मनिरपेक्षता’ आहे, ‘७३ वी घटनादुरुस्ती’ आहे, आणि मुद्दाम एक आडवळणाचं लांबलचक वाक्य आहे. बाई तपासतात लाल पेनानेच. गुण देत नाहीत, तीनच शेरे: ‘मराठी पेपरला चालेल’, ‘सराव हवा’, ‘इंग्रजी पेपरला पाठवा’. तिसरा शेरा मिळालेल्या एका आयटीतल्या मुलाने बाईंना फोन करून विचारलं, “बाई, सराव कसा करू?” त्यांनी त्याला रोज अग्रलेखाचा एक परिच्छेद ऐकून लिहायला सांगितला. तो खरंच करतोय.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेला हे लागत नाही. तिथे पर्यायांचे गोल काळे करायचे असतात. तिथे अक्षरापेक्षा प्रश्न शांतपणे, न अडखळता वाचता येणं महत्त्वाचं. त्यासाठी वाचनाचा वेगळा आवाज मागवायचा.

२२ ऑगस्ट

२५ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आयोगाने आज पुढे ढकलली. त्याच दिवशी बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा होती, म्हणून शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षांची मुलं रस्त्यातच ठाण मांडून बसली होती. आमच्या चाचणीतल्या काही जोड्या याच परीक्षेच्या.

ॲपमध्ये ‘पक्का’, ‘रद्द’, ‘झाला’ अशा तीन अवस्था आहेत. आज चौथी घातली: ‘पुढे ढकलला’. फरक छोटा नाही. रद्द म्हणजे माणूस मोकळा. पुढे ढकलला म्हणजे जोडी टिकवायची आणि नवी तारीख आली की दोघांना पुन्हा विचारायचं, पण होकार गृहीत धरायचा नाही. लेखनिकाचं नाव परीक्षा घेणाऱ्यांकडे आधी गेलेलं असेल तर नवा माणूस आणणं सोपं नसतं, म्हणून आधी जुन्यालाच विचारायचं.

५ सप्टेंबर

कमाईचा मुद्दा, म्हणजे स्वयंसेवकाला काय मिळणार. एका सल्लागाराने गुण, पदकं, आठवड्याचा अव्वल रायटर अशी मांडणी सुचवली. नाही. अव्वल व्हायच्या नादात कुणी एका आठवड्यात झेपणार नाहीत इतके पेपर घेईल आणि शेवटचा सोडेल.

त्यापेक्षा कॉलेजांत आधीपासून चालणारी पद्धत वापरू. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं, दोन वर्षांत २४०. एका कार्यक्रम अधिकारी सरांशी बोललो. ते म्हणाले, रायटरचे तास धरायला माझी हरकत नाही, पण पुरावा काय? सहकारी लगेच म्हणाला, जागेची नोंद आणि सेल्फी. परीक्षा खोलीत फोन बंद असतो, हे तिथल्या तिथेच लक्षात आलं. आणि दृष्टिहीन मुलाच्या खांद्यावर हात ठेवून काढलेला फोटो मला या ॲपमध्ये एकही नको आहे. तो फोटो कुठे जातो, खाली काय लिहिलं जातं, हे ज्याचा फोटो आहे त्याला दिसत नाही.

तोडगा साधा निघाला. परीक्षा विभाग लेखनिकाच्या अर्जावर सही-शिक्का देतोच. त्याची प्रत पुरावा. सरांना चालतंय.

१९ सप्टेंबर

विसर्जन परवा उरकलं; आता मंडळांची मुलं मोकळी झाली आणि नोंदणी एकदम वाढली.

पण खरा तिढा आता पुढ्यात आहे. रायटर लागतात ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे मध्ये. रायटर होऊ शकणारी कॉलेजची मुलं त्याच महिन्यांत स्वतःच्या परीक्षेला बसलेली असतात. मागणी आणि पुरवठा एकाच वेळापत्रकावर. तरुणांचं ॲप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पदवीचा विद्यार्थी, आणि तोच नेमका तेव्हा उपलब्ध नाही.

मग कोण? दुसऱ्या विद्याशाखेची मुलं, कारण अभियांत्रिकीचं वेळापत्रक कलेपेक्षा वेगळं असतं. अकरावी-बारावीची मुलं, जी ‘एक पायरी खाली’ या अटीतही बसतात, पण त्यांच्या वयाचा प्रश्न आहे. नोकरीला लागलेले २२ ते २८ चे तरुण. त्यांना रजा काढावी लागते आणि पदवीधर असल्यामुळे ते एम.ए.च्याच परीक्षार्थीला चालतात. म्हणजे जुळवणी अंतरावरून नाही, आधी शिक्षणाच्या पायरीवरून, मग माध्यमावरून, मग वेळापत्रकावरून, आणि शेवटी अंतरावरून. नकाशावर जवळचे ठिपके दाखवणारा पडदा त्यामुळे गेला. सुंदर होता.

नोंदणीत आता स्वतःच्या परीक्षेच्या तारखा विचारतो. कंटाळवाणा रकाना आहे, पण त्याच्यावर सगळं उभं आहे.

३० सप्टेंबर

कालपासून मेट्रो स्वारगेटपर्यंत. वाकडेवाडीचा रायटर आता दक्षिणेकडच्या कॉलेजांना हो म्हणेल का ते बघायचं.

येण्याजाण्याच्या खर्चाचं काय करायचं, हे एम.ए.वाल्या ताईला विचारलं. ती म्हणाली, “तिकिटाचे पैसे मीच देणार. चार तास फुकट बसवून घ्यायचं आणि वर त्याचंच तिकीट, मला ओशाळल्यासारखं होतं.” दुसऱ्या एका मुलाकडे तेवढेही नसतात. त्या दोघांवर एकच नियम लादता येणार नाही. पैशाचा व्यवहार ॲपच्या बाहेर.

११ ऑक्टोबर

न येणारा माणूस. सगळी रचना शेवटी याच्याभोवती फिरते. बाकी कुठल्याही स्वयंसेवेत एक माणूस कमी आला तर इतर सांभाळून घेतात. इथे एकच असतो. तो झोपून राहिला तर विषय राहतो, सहा महिने जातात.

ठरलं ते असं. प्रत्येक पेपरला एक मुख्य आणि एक राखीव. आदल्या रात्री आठला मुख्य रायटरला एसएमएस. उत्तर नाही आलं तर नऊला फोन, तोही माणसाचा. सकाळी पुन्हा एकदा. पेपरच्या दोन तास आधीपर्यंत होकार नसेल तर राखीव निघतो. राखीव माणसाला बोलावलं नाही तरी त्याने ती सकाळ मोकळी ठेवलेली असते, म्हणून त्याचेही तास धरायचे. सरांना हे पटवायला वेळ लागला. पटलं.

एसएमएसचा जाच वेगळाच. मराठी एसएमएसला एका भागात ७० अक्षरं मिळतात, इंग्रजीला १६०. काना-मात्राही अक्षर म्हणून मोजली जाते. शिवाय प्रत्येक मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ‘नमस्कार, उद्याच्या पेपरसाठी आपण येत आहात ना?’ यातला नमस्कार कापला. ‘उद्या ११ चा पेपर. येणार तर १, नाही तर २ पाठवा.’ कोरडं वाटतं, पण रात्री आठला कोरडंच बरं.

१८ नोव्हेंबर

पहिला हंगाम चालू आहे. ओळख भेटीत काय बोलायचं हे जोड्यांनी स्वतःच शोधून काढलं, आणि ते आमच्या सूचनांपेक्षा चांगलं आहे. आधी सगळी प्रश्नपत्रिका गुणांसकट एकदा वाचायची. उत्तर सांगताना परीक्षार्थी थांबला तर रायटरने बोलायचं नाही. तो विचार करतोय, अडकलेला नाही. ‘मागचं वाक्य वाच’ म्हटलं की जसं लिहिलंय तसंच वाचायचं. वाक्य सुधारायचं नाही, अगदी डोळ्यांसमोर चूक असली तरी. हे शेवटचं हुशार रायटरांना सगळ्यांत जड जातं. एकजण म्हणाली, “हात आवळून धरावा लागतो.”

हे सगळं सूचनांच्या पडद्यावर घेतलं, त्यांच्याच शब्दांत.

पाच तारे देण्याची सोय नाही ठेवली. परीक्षार्थीला एकच खूण करता येते: ‘यांच्याबरोबर पुन्हा चालेल’. समोरच्याला ती दिसत नाही. पुढच्या वेळी जुळवणीत तो माणूस आधी येतो, बस.

३ डिसेंबर

परवा, १ तारखेला, ती लांबलेली पूर्वपरीक्षा झाली. ऑगस्टमधल्या जोड्यांपैकी बहुतेक टिकल्या. एक रायटर मधल्या काळात बंगळुरूला नोकरीला गेला, पण त्याने नव्या माणसाला स्वतः फोन करून परीक्षार्थीला वाचनाचा वेग कसा लागतो ते समजावून सांगितलं. यासाठी ॲपमध्ये काही नाही. असायला हवं का, अजून ठरत नाही.

९ जानेवारी २०२५

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या नियमांचा मसुदा ३ तारखेला आला. आपल्याला लागू पडणारा भाग स्पष्ट आहे: १८ च्या खालचं मूल असेल तर त्याची माहिती घेण्याआधी पालकांची संमती, आणि ती पडताळता यायला हवी. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, मग दहावीची. तिथले रायटर एक इयत्ता खालचे, म्हणजे जवळपास सगळे १८ च्या आतले.

सहकाऱ्याने पालकांसाठी ओटीपीचा पडदा करून आणला. बघायला नीटनेटका आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीचा नंबर, शाळा, परीक्षेला कुठे जाणार याची वेळ, हे सगळं आपल्याकडे असावंच कशाला? आपल्याला फक्त एवढं कळायला हवं की अमुक शाळेत नववीची दोन मुलं तयार आहेत.

तेव्हा खातं शाळेतल्या शिक्षकांचं. मुलांची नावं शाळेकडे, पालकांची सही कागदावर शाळेकडे, आपल्याकडे फक्त आकडा, माध्यम आणि दिवस. शिक्षकांचं काम वाढतं, ते खरं. एका मॅडमनी तसं बोलूनही दाखवलं आणि मग पाच मुलं दिली.

१० फेब्रुवारी

उद्यापासून बारावी. राखीव यादी दोनदा तपासली. एका केंद्रावर लेखनिकाचा अर्ज कारकुनाने ‘नमुना बदललाय’ म्हणून परत दिला होता. शिक्षकांनी स्वतः जाऊन निस्तरलं. ॲपमध्ये ‘अर्ज दिला’ आणि ‘अर्ज मंजूर’ या दोन वेगळ्या खुणा हव्यात. दहावी २१ ला सुरू होते, त्याआधी करायचं.

१८ मार्च

दहावी काल संपली. शाळांमार्फतची व्यवस्था चालली. तिथे ॲपचं काम जवळजवळ वहीएवढंच उरलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

एप्रिलच्या सत्र परीक्षांच्या मागण्या यायला लागल्या आहेत. आयटीतल्या त्या मुलाला बाईंनी ‘मराठी पेपरला चालेल’ दिलं. त्याची रजा मंजूर झाली की एम.ए. इतिहासाच्या पेपरला लावायचा. संख्याशास्त्राला रायटर हवाय, तिथे सूत्रं ऐकून लिहिता यायला हवीत, त्याचं वेगळं श्रुतलेखन अजून तयार नाही. आणि एक मागणी जर्मनची आहे. बाई म्हणाल्या, “ते माझ्या आवाक्यातलं नाही हो,” आणि त्यांच्या ओळखीच्या जर्मन शिकवणाऱ्या एका बाईंचं नाव दिलं. उद्या सकाळी त्यांना फोन.